गाव घरी असताना

दिवाळीचे चार दिवस सरले की आमचं गाव उसाला जायचं. गावातली माणसं जायची असं लिहायला हवं हे मला कळतं, पण आम्ही कधी तसं म्हणत नव्हतो. चावडीपुढं ट्रक उभे राहायचे. पेट्या, पिठाचे डबे, डालग्यातल्या कोंबड्या, एखादी म्हातारी, तिच्या मांडीवर नातवंड, सगळं त्यात चढायचं आणि घाट उतरून निघून जायचं. मागं दारादारांवर कुत्रं शिरू नये म्हणून बाभळीच्या काट्या आडव्या लावलेल्या दिसायच्या. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. त्यामुळे किती माणसं गेली असं कुणी विचारत नसे, किती कोयते गेले असं विचारत. मग उरायची ती म्हातारी माणसं, शेतीवाली दहा-पंधरा घरं, मागं ठेवलेली पोरं आणि शेळ्या. रस्त्यावरून चालताना स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकू यायचा. पिठाची गिरणी एका दिवसाआड चालायची, तिची फटफट ऐकून लहान पोरं उगीचच गिरणीपुढं गोळा व्हायची, कारण तेवढाच काय तो गलबला. चैत्रात गाव परत येईपर्यंत हे असंच.

माझी माय मात्र गावात राहायची, आणि ते तिनं भांडून मिळवलं होतं. मी लहान होते तेव्हा तीही आबांबरोबर उसाला जायची. एका वर्षी परत आल्यावर तिनं कोयता आढ्याला अडकवला आणि म्हणाली, "मी काय आता येणार न्हाई. मला दोन शेळ्या घेऊन द्या. घर चालवून दाखविते." आबा म्हणाले, "आन् मी एकटा? अर्ध्या कोयत्याला टोळीत कोण घेतंय?" तेव्हा आबांची बहीण, माझी सोजरआत्या, भाकरी खाता खाता बोलली. तिचा नवरा वारल्यावर ती आमच्यातच राहत होती. "मी येते की. भाऊ-बहिणीचा कोयता चालत न्हाई आसं कुठं लिवलंय का?" टोळीचा मुकादम आधी हसला. आत्याच्या मोळ्या बघितल्यावर त्याचं हसणं बंद झालं. तेव्हापासून आबा आणि आत्या हा आमचा कोयता, आणि माय शेळ्यांची.

दोनाच्या बारा झाल्या. शिवाय उसाला जाणारी घरं आपापल्या शेळ्या मायकडं अर्धलीनं ठेवून जायची, म्हणजे शेळी त्यांची, राखायची आम्ही, आणि होणाऱ्या करडांतली निम्मी आमची. दिवाळीनंतर आमच्या अंगणात पाऊल ठेवायला जागा नसायची. प्रत्येक शेळी कुणाची ते मायला आवाजावरून कळायचं. पहाटे ती शेळीच्या दुधाचा गुळाचा चहा करायची, त्याचा वास मला आजही आवडत नाही, पण थंडीत तो प्यायलाच लागायचा. दुपारी ज्वारीची भाकरी आणि ठेचा, कधी अंबाडीची भाजी. तुरी आल्या की मीठ टाकून उकडलेल्या शेंगांचं भगुलं मध्ये ठेवायचं आणि मागं राहिलेली शेजारची चार-पाच पोरंही भोवती बसायची. मी शेजारच्या मोठ्या गावात आठवीला जायची, तीन कोस चालत. ते जाणं शेळ्यांच्या जिवावर होतं. शेळ्या आहेत तोवर माय गावात, आणि माय गावात आहे तोवर मी शाळेत. हे मला कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं, तरी पक्कं ठाऊक होतं.

आता तात्याबद्दल. तात्या म्हणजे आबांचा धाकटा चुलतभाऊ. गिरणी त्याचीच, आणि तेव्हा गावचा सरपंचही तोच. गावात पुस्तकं विकत घेऊन वाचणारा माणूस तेवढा एकच होता. त्यानं कुठंकुठं जाऊन डोंगर हिरवे केलेली गावं पाहिली होती. पीठ दळता दळता तो बायकांना पाणलोट समजावून सांगायचा आणि बायका "व्हय, व्हय" म्हणत पाट्या उचलून निघून जायच्या. मी जायची नाही. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांचा तात्या हातवारे करत बोलायचा आणि मला ते सगळं दिसायचं. कुणाला पोटासाठी घाट उतरावा लागणार नाही. डोंगरावरचं पाणी डोंगरातच मुरेल. विहिरीला नुसतं मार्गशीर्षापर्यंत नाही, वैशाखातही पाणी असेल. मी त्या गावाच्या प्रेमातच पडले होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यावरून लोकांना वाटतं की आम्ही मायलेकी पहिल्यापासून तात्याच्या विरुद्ध होतो.

त्या हिवाळ्यात तात्यानं चावडीच्या भिंतीवर पन्नास वर्षांनंतरचं गाव काढायला घेतलं. चुना होता, गेरू होता, नीळ होती. हिरवा रंग शाळेची दारं रंगवून उरलेल्या डब्यातला. आकृती तात्याची, रंग भरणं माझं. विहिरी, बांध, रस्ते, दवाखाना, वाचनालय, आणि सगळ्यावर आमचा डोंगर. डोंगराला मी डबा संपेपर्यंत हिरवा फासला. म्हातारे ओट्यावर बसून बघायचे. एक जण म्हणाला, "पोरी, एवढं हिरवं आमी जल्मात बघितलं न्हाई." मला वाटलं तो कौतुकच करतोय.

माघात तात्यानं बैठक लावली. माघच का, तर शेतीची कामं जरा हलकी असतात आणि गावात शांतता असते. ही शांतता तात्याला फार आवडायची. एरवी बैठक म्हटली की आरडाओरडा, जुनी भांडणं, कुणी तरी मध्येच उठून जाणार. त्या दिवशी चाळीसेक माणसं बसली, सगळे शेतीवाले आणि म्हातारे. डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. ज्यांच्याकडं शेळ्या आहेत त्यांनी त्या विकून गाई घ्याव्यात. डोंगरात शेळी सापडली तर कोंडवाड्यात. कुणी चकार शब्द काढला नाही. माझं अक्षर चांगलं म्हणून ठराव मी लिहिला, मीच मोठ्यानं वाचून दाखवला आणि खाली तात्यानं सांगितल्याप्रमाणं लिहिलं, एकमतानं मंजूर. घरी निघाले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. आज आठवलं की मला माझीच लाज वाटते. चौदा वर्षांची असले तरी मोजायला येत होतं मला.

संध्याकाळी माय भाकरी करत होती. मी ठराव तोंडपाठ म्हणून दाखवला. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, चुलीच्या तोंडाशी उभी लावली, दुसरी थापायला घेतली.

"शेळ्या चारायच्या कुठं, ते लिवलंय का त्येच्यात?"

"विकायच्या. गाय घ्यायची."

"गाईला पाणी कोण पाजवणार? तुजा तात्या?" मग दुसरी भाकरी तव्यावर टाकत, "कोण कोण व्हतं बैठकीला?"

मी नावं सांगत गेले. ती ऐकत गेली. शेवटचं नाव झाल्यावर म्हणाली, "ज्येच्या दारात शेळी न्हाई, तेवढेच बसलेले दिसतेत. ज्येंच्या शेळ्या मपल्या दावणीला हायत त्ये तिकडं ऊस तोडायलेत. त्येंनी आल्यावर इचारलं की आमच्या शेळ्या कुठं गेल्या, तर काय सांगू? माज्या पोरीनं लई चांगल्या अक्षरात लिवलंय म्हणून इकल्या?"

मला रडू आलं. ती काही समजूत काढायला आली नाही. भाकरी पुढं सरकवून एवढंच म्हणाली, "शेळ्या गेल्या तर पुढल्या साली मी उसाला. मी गेले तर तू बी. कोपीत सैपाक करायला कुणी तरी लागतंयच." कोपी म्हणजे उसाच्या फडाजवळची पाचटाची झोपडी. मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मायनं रोजच्या वेळेला, रोजच्या वाटेनं, सगळ्या शेळ्या डोंगरात घातल्या. लपूनछपून नाही. चावडीवरून, त्या भिंतीवरच्या चित्रापुढून. दुपारी पंचायतीचा शिपाई किसनमामा आणि दोघं जण त्या हाकत घेऊन आले आणि कोंडवाड्यात घातल्या. किसनमामा बिचारा मान वर करत नव्हता. त्याच्याही दोन शेळ्या त्यातच होत्या. तो म्हणाला, "दंड भर आन् घेऊन जा, गया. मला बी वर तोंड द्यावं लागतंय."

"दंड भरला म्हंजी गुन्हा कबूल केला," माय म्हणाली. "मी कावून भरू? मला कुणी इचारलं न्हाई, ज्येंच्या शेळ्या त्येंला कुणी इचारलं न्हाई. आता ह्येंला कोंडलंय, तर मलाबी कोंड." आणि ती पदर खोचून आत गेली आणि दगडी भिंतीला टेकून बसली.

किसनमामानं कडी लावली नाही. दार उघडंच राहिलं, पण ती बाहेर आली नाही. मी भाकरी घेऊन जायची, पाला तोडून न्यायची, शाळा बुडवायची. पहिल्या दिवशी लोक बघायला यायचे आणि हसायचे. दुसऱ्या दिवशी शेजारची पारूकाकू आपली एकुलती शेळी ओढत आली आणि म्हणाली, "हिला बी ठिवा आत. हिनं काल डोंगराकडं बघितलंय." संध्याकाळपर्यंत आत पाच बाया होत्या. त्यांनी डाळ निवडायला आणली, एकीनं पाळण्यातलं पोर आणलं, दूध काढून मागं राहिलेल्या पोरांना वाटलं. लेंड्यांच्या आणि दुधाच्या वासात त्या अशा गप्पा मारत बसल्या होत्या की कुणाच्या घरी हळदच लागलीय. तात्या आला आणि कोंडवाड्याच्या दाराशी उभा राहिला.

"वैनी, मी कुणाच्या भल्यासाठी करायलोय हे?"

"आमच्याच, भाऊजी," माय म्हणाली. "त्येच्यात काय शंका न्हाई. पर आमच्या भल्याच्या बैठकीला आमाला बोलवायला काय झालतं?"

तात्याचा चेहरा उतरला. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर मला सगळं सोपं गेलं असतं. मला शाळेची पहिली पुस्तकं त्यानं दिली होती. त्याच्या डोक्यातलं ते गाव मला अजूनही हवं होतं, आणि माझी माय त्या गावामुळे शेळ्यांच्या लेंड्यांत बसली होती, आणि ठराव माझ्या अक्षरात होता.

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून साहेब येणार होते. तात्यानं महिनाभर आधी बोलावलं होतं, चित्र दाखवायला आणि बांधांना मदत मागायला. चित्र समजावून सांगायचं काम माझ्याकडं होतं. वाक्यं पाठ करून घेतलेली. सकाळी तात्या घरी आला, म्हणाला, "कौसे, तुज्या मायचं आन् माजं काय असंल ते नंतर बघू. आज गावाची अब्रू हाय." मी वेणी घालून गेले. छडी हातात घेतली. विहिरी दाखवल्या, बांध दाखवले, आवाज कुठंही चिरकला नाही. साहेब म्हणजे थकलेला, घामेजलेला, चांगला माणूस होता. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "छान. मुलगी हुशार आहे. पण गावात शुकशुकाट दिसतो. लोक कुठं आहेत?"

हे पाठांतरात नव्हतं. तात्या म्हणाला, "शेतात गेलेत, साहेब." ते ऐकून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. तात्यावरचा नव्हे. ज्या सहजपणे आम्ही सगळे ते वाक्य ऐकून घेणार होतो, त्यावरचा. मी छडी खाली ठेवली.

"निम्म्याहून जास्ती गाव उसात आहे, साहेब," मी म्हणाले. "त्यांना या चित्रातलं काही माहीत नाही. आणि माझी माय कोंडवाड्यात आहे."

पुढं कोण काय बोललं ते मला आठवत नाही. साहेब कोंडवाड्याकडं चालत गेले हे आठवतं. मायनं उठून डोक्यावरचा पदर नीट केला. "या की. दार उघडंच हाय. मीच जात न्हाई." साहेबांनी तिचं उभ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तात्याला बाजूला घेऊन म्हणाले, लोक परत आल्यावर पुन्हा बैठक घ्या, घाई कशाला करता. आणि जीपकडं निघाले. माय म्हणाली, "साहेब, तुमी जाल जीपमदी. त्ये लिवून द्या." साहेब हसले, पण ती हसत नव्हती. तेव्हा मीच वहीचं पान फाडलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं, कोयता गावात येईपर्यंत हा ठराव लागू नाही. तात्यानं सही केली. माझ्याकडं न बघता केली. माय उठली, अंगावरचा कोंडा झटकला आणि शेळ्या घेऊन घरी आली. मला ती शाबासबिबास काही म्हणाली नाही. उद्यापासून शाळेला जा, एवढंच म्हणाली.

चैत्र लागता लागता ट्रक आले. पाडवा झाल्यावर मारुतीच्या पारावर बैठक बसली ती दिवस मावळेपर्यंत. भांडणं झाली, लई झाली. दोन भाऊबंद एकमेकांच्या अंगावर धावून गेले, एक जण तर मध्येच निघून गेला आणि परत आला. तात्या डोकं धरून बसला होता. मग सोजरआत्या उठली. बाईनं पारावर बोलायची पद्धत नव्हती, पण तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. ती म्हणाली, "सहा म्हैने आमी परक्याच्या पाण्यावरचा ऊस तोडतोत. त्या पाण्याच्या मोटारी रातंध्याड चालतेत आन् आमच्या डोंगरात प्यायला घोटभर न्हाई. डोंगर हिरवा करा म्हणणारा काय वंगाळ सांगत न्हाई. पर तात्या, तुज्या भिंतीवर मी बघून आले. दवाखाना हाय, वाचनालय हाय. आमी उसाला गेल्यावर आमची पोरं कुणाच्या चुलीवर जेवणार, ती जागा मला काय घावली न्हाई."

तात्यानं मायला विचारलं, सगळ्यांदेखत, "वैनी, तुमाला हिरवा डोंगर नको का?"

"पायजे की," माय म्हणाली. "पर त्या डोंगरात मी बी पायजे."

ठरलं ते असं. डोंगराचे तीन भाग. एक भाग दोन वर्षं बंद, तिथलं गवत कापून न्यायचं, शेळी घालायची नाही. बाकीचे खुले, मग पाळीपाळीनं. बंद भागाची राखण शेळीवाल्या बायांनीच करायची, कारण कुठली शेळी कुठून शिरते हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. गिरणीपुढची खोली तात्यानं आपण होऊन दिली, मागं राहिलेल्या पोरांना दोन वेळची भाकरी तिथं मिळावी म्हणून. आणि शेवटचा ठराव आत्यानं मांडला, की गावाचा कुठलाही मोठा निर्णय कोयता गावात असतानाच घ्यायचा. तो मी लिहिला. एकमतानं मंजूर असं लिहिता आलं नाही. सात जण विरोधात होते, त्यांची नावं लिहिली.

यानंतर सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. दुसऱ्याच वर्षी पाऊस गेला आणि बंद भागात चोरून शेळ्या शिरल्या, त्यातल्या दोन आमच्याच होत्या. तात्या माझ्याशी वर्षभर बोलला नाही. पुढं त्यानंच मला धारूरला बोर्डिंगात नेऊन घातलं. कोयते अजूनही जातात, पूर्वीपेक्षा कमी, पण जातात. डोंगर मात्र आता खरोखर हिरवा आहे, आणि त्यात शेळ्या आहेत. बाहेरून लोक बघायला येतात आणि विचारतात, हे स्वप्न कुणाचं? मी तात्याचं नाव सांगते, कारण ते खरं आहे. मग ते जायला निघतात, आणि मी त्यांना थांबवून सांगते की नुसतं तेवढ्यावर राहिलं असतं तर या गावात स्वप्न उरलं असतं आणि आम्ही गेलो असतो. काहींना ते आवडत नाही.

मागच्या माघात एक तरुण गाडीतून आला. नीटनेटका, बोलायला गोड. त्याच्या हातातल्या टॅबच्या पाटीवर आमच्या डोंगराचं चित्र होतं, सगळ्या उतारावर सौरऊर्जेच्या काचा. मावशी, धूर नाही, प्रदूषण नाही, पुढच्या पिढ्यांसाठी आहे, तो म्हणाला. मला ते पटत होतं. माझ्याही घरावर एक काच आहे, तिच्याच उजेडात मी हे लिहिते. मी म्हणाले, "चैत्रात या. गाव तेव्हा घरी असतं."

"एवढं थांबता येणार नाही, मावशी. प्रकल्प दुसऱ्या गावाला जाईल. आहेत तेवढ्यांच्या सह्या चालतील."

"तुमच्याकडं चालत असतील," मी म्हणाले. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकानंही पेन हातात घेतलं नाही.

तो चैत्रात आला नाही. प्रकल्प खरंच दुसऱ्या गावाला गेला. आमच्यातली चार-सहा पोरं त्यावरून माझ्यावर चिडून आहेत. नोकऱ्या घालवल्या म्हातारीनं, असं गावात असली की पारावर म्हणतात, माझ्या कानावर येतं. कदाचित त्यांचं बरोबरही असेल. यंदा चैत्रात त्यांनी बैठकीत उभं राहून ते माझ्या तोंडावर सांगावं, मी पुढं बसून ऐकेन, आणि मतं त्यांच्या बाजूनं पडली तर ठराव माझ्या हातानं लिहून देईन. आज ती पोरं फडात आहेत. ती तिकडं असताना त्यांच्या डोंगराच्या कागदावर मी कुणाला सही करू देणार नाही.